अब्बांचा आवाज आणि बिननावाचे टेप

आम्ही दोघे भाऊ. थोरला साताऱ्यात राहतो, धाकटा सांगलीत. दोन्ही घरांत मिळून आमच्याकडे कॅसेटचे १९ जुने टेप आहेत आणि त्यांतला एकही नामांकित कंपनीचा नाही. काहींवर नावच नाही. काहींवर मोठ्या कंपनीच्या नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं आहे, घाईत वाचणारा फसावा म्हणून. थोरल्या भाभी म्हणतात, हे घर की भंगारवाल्याची गाडी?

वॉकमन जमवणारे लोक जगभर आहेत. जपानच्या सोनी कंपनीने १९७९ साली काढलेल्या पहिल्या वॉकमनला ते मोठी किंमत मोजतात. आमचा छंद तसला नाही. आमच्यासारख्या घरांत खरा वॉकमन आलाच नव्हता. आले ते त्याचे गरीब चुलतभाऊ. कॅसेट फिलिप्सने १९६३ साली आणली आणि पुढे इतर कंपन्यांना ती फी न घेता बनवू दिली. म्हणून तर हाँगकाँग-तैवानच्या छोट्या कारखान्यांनाही टेप काढता आले. एकाच साच्यातून निघालेल्या डब्यावर तीन वेगवेगळी नावं असलेली आम्ही पाहिली आहेत.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामं निघाली आणि आपल्याकडची माणसं तिकडे गेली. आमचे अब्बा १९८२ साली दम्मामला गेले. घरी एक वेगळीच अडचण होती. अब्बा मराठी शाळेत शिकलेले, त्यांना उर्दू लिहिता येत नव्हतं. अम्मी मदरशात शिकलेली, तिला मराठी वाचता येत नव्हतं. अब्बांचं पत्र आलं की आम्हा पोरांपैकी कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवायचं. आता नवरा बायकोला काय लिहिणार, जे दहा वर्षांचं पोर सगळ्यांसमोर वाचणार आहे?

कॅसेटने तो प्रश्न सोडवला. पहिल्या सुट्टीला येताना अब्बांनी दोन सारखे टेप घेतले. एक घरी ठेवला, दुसरा तिकडे परत नेला. कुणी गाववाला मुंबईला उतरला की त्याच्या बॅगेतून कॅसेट यायची, मग एसटीने साताऱ्याला. अम्मी ती रात्री आम्ही झोपल्यावर ऐकायची. (आम्ही झोपलेले नसायचो, हे तिला आजही सांगितलेलं नाही.) दिवसा त्याच टेपवर कारी अब्दुल बासित यांची तिलावत, अझीझ नाझांची कव्वाली आणि शेजाऱ्यांनी आणलेल्या प्रल्हाद शिंदेंच्या कॅसेटी वाजायच्या.

२००४ साली अब्बा गेले. घरचा टेप त्याआधीच भंगारात गेला होता. कॅसेटींचा पत्र्याचा डबा धाकट्याबरोबर सांगलीला आला आणि माळ्यावर पडून राहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं, तेव्हा आवराआवरीत तो डबा माळ्यावरून खाली काढलेला होता. पाणी ओसरल्यावर गल्लीत गाद्या, कपाटं, वह्यांचे ढीग पडले होते. डबा त्या ढिगावर जाणारच होता.

अकरा कॅसेटी निघाल्या. चिखल सुकण्याआधी आम्ही त्या स्वच्छ पाण्यात धुतल्या आणि सावलीत वाळवल्या. उन्हात नाही, उन्हाने फीत वाकडी होते. ज्यांना पाच स्क्रू होते त्या उघडून फीत दुसऱ्या कोऱ्या खोक्यात बसवली. चिकटवून बंद केलेल्या कॅसेटी पात्याने फोडाव्या लागल्या. मग आम्ही घाई केली. एक नवा, स्वस्त टेप मागवला आणि न तपासता त्यात पहिली कॅसेट घातली. ती त्याने गिळली. फीत रबरी रोलरभोवती गुंडाळली आणि सुरकुत्या पडून तुटली. त्या कॅसेटवर काय होतं ते आता कळणार नाही.

दुसरी वाजली, पण अम्मी म्हणाली, "ये तुमारे अब्बा नहीं." आवाज चिरका, घाईतला आणि त्यावर गोधडी घातल्यासारखा दबलेला. आम्हालाही तो परका वाटला.

साताऱ्याच्या एका जुन्या मेकॅनिक चाचांनी कोडं उलगडलं. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर सरकायला हवी. स्वस्त टेपची मोटर मुळातच संथ, त्यात सेल उतरलेले, मग फीत हळू सरकते. अशी भरलेली कॅसेट चांगल्या टेपवर लावली की आवाज पळतो. दुसरी गोष्ट हेडची. फितीला टेकणारं ते हेड जरा तिरकं बसलेलं असेल तर त्यावर भरलेला आवाज सरळ हेडवर दबून येतो. म्हणजे दोष अब्बांच्या टेपचा होता आणि तो दोष आवाजातच भरला गेला होता. तो काढायचा तर ऐकायचा टेपही तितकाच बिघडलेला हवा.

इथून आमचा छंद सुरू झाला. पुण्याचा जुना बाजार, मिरजेची भंगाराची दुकानं, नातेवाईकांचे माळे. दोनशे-तीनशे रुपयांच्या वर आम्ही देत नाही. सेलचा कप्पा आधी बघतो. सेल गळून पत्ती हिरवी झाली असेल तर घासून निघते, पण गंज आत पाटीपर्यंत गेला असेल तर सोडून देतो. बेल्ट बहुधा गेलेलाच असतो, कधी वितळून डांबर झालेला. तो बदलता येतो. या टेपांचा मोठा गुण म्हणजे सगळं हाताशी असतं. हेडचा बारीक स्क्रू बाहेरून फिरतो, मोटरच्या पाठीमागच्या भोकातून वेग कमी-जास्त होतो. महागड्या यंत्रात असा हात घालायचं आमचं धाडस होत नाही.

अब्बांच्या टेपच्या साच्यातला एक पुण्यात मिळाला, नाव मात्र वेगळं. तरी कॅसेट त्यावर जुळली नाही. जुळली ती अकराव्या टेपवर, त्याला तर नावच नाही. स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि आवाजावरची गोधडी निघाली. वेग उतरवत गेलो. "अस्सलामु अलैकुम," अब्बा म्हणाले. अम्मीने उत्तर दिलं.

त्या स्वस्त टेपांची आणखी एक खोड आहे. बोलणारा थांबला की टेप आपोआप बारीक आवाज मोठे करून भरतो. चांगल्या यंत्रात हे टाळतात. अब्बा मधेच थांबतात आणि खोलीतला एसी घरघरत वर येतो. कुणीतरी पातेलं खाली ठेवतो. कुणी तरी चहा विचारतं. आमच्या डोळ्यांसमोर दम्मामची ती खोली यापूर्वी कधी आली नव्हती.

वाचकहो, तुमच्या घरी अशा कॅसेटी असतील तर आज एक काम करा. कॅसेटच्या पाठीच्या कडेला दोन छोट्या पट्ट्या असतात, त्या मोडून टाका. मग तिच्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जात नाही. मग धडका टेप शोधून तो आवाज मोबाइलमध्ये उतरवून घ्या. आधी टेप एखाद्या बाजारू कॅसेटवर तपासा, आमच्यासारखं करू नका.

आमच्या घरी त्या पट्ट्या कुणी मोडल्या नव्हत्या. अब्बा छपराच्या पत्र्यांचं विचारत असतात, पावसाच्या आधी बसले का म्हणून, आणि खट्‌ असा आवाज येतो. पुढे आम्ही दोघे आहोत, लहान, कोण आधी बोलणार यावरून भांडतोय. वीस मिनिटं तेच.

अम्मीने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बैठे थे पत्रे. पीछे लो, फिर से लगाव."