एअरव्हेंचर ऑशकॉश

एअरव्हेंचर ऑशकॉश हा अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश शहरात दरवर्षी जुलैच्या उत्तरार्धात भरणारा विमानांचा मेळावा होय. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन (ईएए) ही संस्था तो भरवते. आठवडाभरात येथे व आसपासच्या विमानतळांवर सुमारे १०,००० विमाने उतरतात. हवाई कसरतींना गर्दी अधिक होत असली, तरी जुनी आणि घरी बांधलेली विमाने हाच मेळाव्याचा गाभा आहे.

इतिहास

पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकी परिसरात ईएएची स्थापना केली. पहिला मेळावा त्याच वर्षी भरला. १९५९ मध्ये तो इलिनॉयमधील रॉकफर्ड येथे गेला आणि १९७० पासून ऑशकॉशच्या विटमन विमानतळावर स्थिरावला. कोविडच्या साथीमुळे २०२० साली खंड पडला. २०२१ मध्ये विमाने परतली.

आगमन

विमाने रेल्वेमार्गाच्या रोखाने फिस्क या खेड्यावर एकामागून एक येतात. नियंत्रक जमिनीवरून पाहून विमानाचा रंग व प्रकार सांगत वैमानिकाला सूचना देतात. वैमानिक बोलत नाही, पंख हलवून होकार देतो.

जुनी विमाने

३१ ऑगस्ट १९४५ पर्यंत बांधलेली विमाने 'प्राचीन' व त्यानंतर १९५५ अखेरपर्यंतची 'अभिजात' गणली जातात. परीक्षक त्यांचा मूळ बांधणीशी असलेला मेळ तपासतात.

घरी बांधलेली विमाने

अमेरिकी नियमानुसार विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने शिक्षण वा छंद म्हणून बांधलेला असेल, तरच त्याची या वर्गात नोंद होते. सुट्या भागांचे संच विकत मिळतात; मात्र मोठे काम स्वतःच करावे लागते. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या आरव्ही मालिकेतील १०,००० हून अधिक विमाने अशा रीतीने आकाशात गेली. बर्ट रुटान यांनी १९७५ साली येथे आणलेल्या व्हेरीईझीने फोम व काचतंतूंची बांधणी हौशी मंडळींच्या आवाक्यात आणली.

या मोकळिकीबरोबर जबाबदारीही बांधणाऱ्यावर येते. ज्यांचे नाव विमानतळाला दिले आहे, ते नामवंत विमानरचनाकार स्टीव्ह विटमन १९९५ साली वयाच्या ९१ व्या वर्षी स्वतः बांधलेल्या विमानाच्या अपघातात पत्नीसह मृत्यू पावले. पंखावरील कापडी आवरण नीट चिकटलेले नव्हते. ते सुटल्याने पंख हेलकावू लागून विमान मोडले, असे चौकशीत आढळले. दीर्घ अनुभवही अशा उणिवेपासून वाचवू शकला नाही. मेळाव्यातील कार्यशाळांत कापड चढवणे, जोडकाम व लाकूडकाम प्रत्यक्ष हाताने शिकवले जाते. नवखे बांधणारे तेथे जाणत्यांना आपल्या अडचणी विचारतात.