एरंडोलहून जळगावात खोली घेताना
बांभोरीच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, की एरंडोलच्या पोरांपुढे प्रश्न येतो: रोज एसटीने जायचे, की जळगावात तिघांत मिळून खोली घ्यायची? खोली बघायची तर भर दुपारी बघा. खानदेशातल्या उन्हात पत्र्याखाली अभ्यास होत नाही. पाणी किती दिवसांआड येते, हे शेजारच्या मावशींना विचारा. सामान टाकण्याआधी वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढून घरमालकाला पाठवा. पहिल्या बिलाचे भांडण तिथेच मिटते. डिपॉझिट कधी परत मिळणार, तेही करारात लिहून घ्या आणि नावे तिघांचीही घाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. भाड्याची पावती मागायला लाजू नका, ती देणे त्याला बंधनकारकच आहे.