तीन मिनिटांची बैठक

"आम्हाला बाई गाण्यातलं काही कळत नाही!" हे वाक्य आपण किती सहज म्हणून टाकतो, नाही? शेजारी कुणी ख्याल लावला की "अगं बाई, किती वेळ चालायचं हे?" असं म्हणणाऱ्या आपणच, आणि देवाला फुलं वाहताना भैरवीतलं भजन बिनचूक गुणगुणणाऱ्याही आपणच. मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला पाऊण तासाच्या ख्यालाला बसवणार नाही. ठुमरी, दादरा, होरी, कजरी, नाट्यपद, बैठकीची लावणी, म्हणजे जाणकार ज्याला 'उपशास्त्रीय' म्हणतात आणि म्हणताना जरासं नाक मुरडतात, त्या गाण्याच्या जुन्या तबकड्यांविषयी मला सांगायचं आहे. आज ही गाणी फारसं कुणी लावत नाही. पण ती आहेत, आणि ती ऐकायला कुठली परीक्षा द्यावी लागत नाही.

मी राहते हरसूलला. वाघेरा घाट ओलांडून यायचं, त्र्यंबकेश्वर तालुक्याचं हे टोक, पलीकडे गुजरात. इथं गाण्याला तोटा नाही. तारप्याचा सूर कानावर येतो, बोहाड्याला सोंगं निघतात. पण ठुमरीची बैठक ऐकायची तर नाशिक गाठावं लागतं, आणि रात्रीची बैठक म्हणजे मुलं, स्वयंपाक, परतीची गाडी. जाणं होतंय कुठलं! सकाळी दोन तास शाळा आणि दुपारची झाकपाक उरकली की मी मोबाइलवर एक जुनं गाणं लावते. फक्त एक. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला गाणं मावायचं जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. म्हणजे कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधला वेळ. एवढा तर आपला असतो ना?

पण ही तबकडी आपल्यासाठी, म्हणजे बायकांसाठी, काय होती ते आधी ऐका. आपल्या आज्या-पणज्यांना बैठकीला जायची सोय नव्हती. बैठक पुरुषांची. तिथं गाणारी बाई असायची, पण ऐकायला बसणारी घरंदाज बाई नसायची. गाणारणीचं नाव घरात काढायचं नाही आणि घरातलीनं गाणं शिकायचं नाही, अशी रीत. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजान पहिल्यांदा कर्ण्यासमोर उभ्या राहून गायल्या आणि शेवटी त्यांनी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. त्या काळी आपल्याकडच्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून नाव सांगायची पद्धत होती म्हणे. कारण काही असो, ज्या बाईचं नाव चारचौघांत घेत नसत, तिचं नाव तिच्याच तोंडून वाड्याच्या ओसरीवर ऐकू येऊ लागलं. आणि ओसरीवरचं गाणं माजघरात जायला कुणाची परवानगी लागत नाही!

याहून गंमत सांगते. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तली सिंधू म्हणजे पतिव्रतेचा कळस. १९१९ साली ते नाटक रंगभूमीवर आलं आणि बालगंधर्वांच्या सिंधूनं बायकांना पदरानं डोळे टिपायला लावले. तिच्या पदांच्या चाली कुणाकडून आल्या होत्या? बाई सुंदराबाईंकडून. पुण्याच्या सुंदराबाई जाधव, लावणी आणि गझल गाण्यात नाव मिळवलेल्या. ज्यांना घरात बोलावलं नसतं, त्यांच्याच चालींवर घरंदाज बायका रडत होत्या. पुढे 'प्रभात'च्या 'माणूस' चित्रपटात (१९३९) सुंदराबाईंनी आईची भूमिका केली. त्यांची तबकडी मिळाली तर जरूर ऐका. शब्द असा स्वच्छ टाकतात की प्रत्येक अक्षर मोजून घ्यावं.

आता ऐकायचं कसं? ठुमरीत शब्द थोडेच असतात, आणि तीच ओळ पुन्हापुन्हा येते. "तेच तेच काय गातात?" असं वाटतं खरं. पण आपण मुलीला "अगं, येतेस ना?" असं दिवसातून चार वेळा म्हणतो, ते चारही वेळा सारखं असतं का? एकदा लाडानं, एकदा कंटाळून, एकदा दटावून, आणि ती सासरी निघाली की आणखी वेगळंच. ठुमरी म्हणजे हेच. ओळ पहिल्यांदा येईल तेव्हा नुसती ऐका; दुसऱ्यांदा येईल तेव्हा कुठल्या शब्दावर आवाज रेंगाळला ते पाहा. दादरा असेल तर बोटांवर सहा मोजा, म्हणजे सम कुठे येते ते आपोआप कळायला लागेल. रागाचं नाव कळलं नाही तरी चालेल. मला तरी कुठे दर वेळी कळतं!

सुरुवात हिराबाई बडोदेकरांपासून करा असं मी सांगेन. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही मुलगी (१९०५–१९८९). तिकीट लावून, सभागृहात, पुरुषांच्या आणि बायकांच्याही समोर बाईनं बसून गावं, हा पायंडा त्यांनी पाडला. आवाज शांत, कुठे आक्रस्ताळेपणा नाही. त्यांच्या वडिलांची झिंझोटीतली ठुमरीही ऐका. लहानपणी ती तबकडी ऐकूनच भीमसेन जोशींना गाण्याचं वेड लागलं आणि गुरूच्या शोधात त्यांनी घर सोडलं. आमच्या नाशिकशी नातं असलेले द. वि. पलुसकर अवघ्या ३४व्या वर्षी, १९५५ साली गेले. त्यांची भजनं म्हणजे उन्हातून आल्यावर माठातलं पाणी. साधारण १९२५च्या आधीची तबकडी मात्र पहिल्याच दिवशी लावू नका. तेव्हा माइक नव्हता, कर्ण्यात तोंड घालून उंच आवाजात गावं लागे. खरखर फार, आणि गाणारीवर उगीच अन्याय होतो.

आणि केसरबाई केरकर! गोव्याच्या केरीच्या. ख्यालाच्या सम्राज्ञी, ध्वनिक्षेपक समोर ठेवलेला त्यांना खपत नसे. १९७७ साली अमेरिकेनं 'व्हॉयेजर' यानं सोडली, त्यांच्यावर पृथ्वीवरच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. भारताचं तिच्यात एकच गाणं आहे: केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची. निवड करणाऱ्यांना ती तबकडी सहजी मिळेना. अखेर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात टेबलाखालच्या खोक्यात सापडली. यान उडालं आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. विचार करा, ते खोकं कुणी साफसफाईत बाहेर टाकलं असतं तर?

हे मी उगीच म्हणत नाही. गेल्या वर्षी माझ्या मावससासूबाईंचं नाशिकचं जुनं घर रिकामं करायचं होतं. माळ्यावरून तबकड्यांची पेटी निघाली. भंगारवाला तबकडी हातात घेऊन म्हणाला, "हे धड लोखंड नाही, धड प्लॅस्टिक नाही, फुकटच न्यावं लागेल." सगळे हो म्हणाले. मावशी तेवढ्या म्हणाल्या, "पेटी राहू दे." पंच्याऐंशी वर्षांचं वय. मग त्यांनी सांगितलं, की नव्या नवरीच्या वेळी मामंजी ओसरीवर तबकड्या लावायचे आणि त्या माजघराच्या दाराआड कणीक तिंबत ऐकायच्या. पुढे येऊन "तीच परत लावा" म्हणायचा धीर कधी झाला नाही. पेटी आता माझ्याकडे आहे. सत्तावीस तबकड्या, तीन फुटक्या. यंत्र नाही; त्यांतली मोबाइलवर सापडलेली गाणी मी मावशींना लावून देते. हल्ली त्या खणखणीत आवाजात "परत लाव" म्हणतात.

तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असेल तर एवढं करा. ती काळी जड तबकडी लाखेची असते, आपल्या लाखेच्या बांगड्यांची असते तीच लाख, पळसा-बोरीवरच्या किड्यांची. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळलेली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून स्पिरिट, अत्तर, कोलनवॉटर यांचा बोळा तिला चुकूनही लावू नका. मऊ मलमलीनं रेघांच्या दिशेनं कोरडीच पुसा. उन्हात ठेवली तर वाकते, पडली तर फुटते. एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. नंतरच्या प्लॅस्टिकच्या लाँगप्लेची बारीक सुई हिच्यावर चालवू नका, रेघ खराब होते. कॅसेटी असतील तर त्यांचा शत्रू दमटपणा. आमच्याकडच्या पावसात भिंतींनाही बुरशी येते, तिथं कॅसेटची काय कथा! घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि आत पांढरं दिसलं तर यंत्रात घालू नका; यंत्रही बिघडतं.

तबकडीच्या मधल्या कागदावरचं नाव, क्रमांक आणि कंपनी वहीत लिहून ठेवा. कागद सुटला किंवा अक्षर पुसलं की गाणारी कोण ते ओळखायला कुणी उरत नाही. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची संस्था निघाली. घरात ठेवणं जमणार नसेल तर अशा एखाद्या संग्राहकाचा तपास करा, पण भंगारात घालू नका. आणि घरात पंच्याहत्तरीपुढचं कुणी असेल तर वही घेऊन आधी त्यांच्याजवळ बसा. कुठलं गाणं कुणाच्या लग्नात वाजलं, कुठली तबकडी कुणी आणली, हे काही त्या कागदावर छापलेलं नसतं.