शेतकऱ्याच्या मोबाईलची स्क्रीन केवढी असावी?

नांगर घेताना बैलांची ताकद व जमिनीचा मगदूर पाहावा, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. मोबाईल घेताना मात्र पुष्कळ शेतकरी बंधू स्क्रीन जितकी मोठी तितका फोन चांगला, असे समजून चालतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून मोबाईल हे शेतीचे एक अवजारच झाले आहे. शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते. नोंद मुदतीत न झाल्यास पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई या कामी अडचण येते. सबब या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम हा आकार वाढत कसा गेला, ते पाहू. २००७ साली निघालेल्या पहिल्या आयफोनची स्क्रीन अवघी ३.५ इंच होती. २०११ साली सॅमसंग कंपनीने ५.३ इंचांचा गॅलेक्सी नोट काढला, तेव्हा एवढे मोठे यंत्र कानाला लावावयाचे कसे, अशी त्याची थट्टा झाली. परंतु लोक फोनवर चित्रपट पाहू लागले, शिवाय मोठ्या कवचात मोठी बॅटरी मावते, त्यामुळे थट्टेचा आकार हाच पुढे रूढ झाला. २०२० व २०२१ साली ॲपल कंपनीने ५.४ इंचांचे ‘मिनी’ फोन काढून पाहिले. २०२२ च्या नव्या फोनांत मात्र मिनी नव्हता. तात्पर्य, आकार ठरला तो बाजाराच्या सोयीने, शेतकऱ्याच्या नव्हे.

आता मापाविषयी. दुकानदार जे इंच सांगतो ते स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे असतात. आपण शेताचे क्षेत्र केवळ तिरके अंतर मोजून ठरवीत नाही; लांबी व रुंदी दोन्ही पाहतो. तोच न्याय येथे लावावा. पूर्वीच्या ५.५ इंची स्क्रीनचे लांबी-रुंदीचे प्रमाण बहुधा १६ ला ९ असे. तिची रुंदी सुमारे २.७ इंच भरते. सांप्रतची ६.५ इंची स्क्रीन २० ला ९ या प्रमाणाची असल्यास तिचीही रुंदी तेवढीच, किंबहुना किंचित कमी भरते! वाढली ती लांबी, ४.८ इंचांची ५.९ इंच झाली. सातबाऱ्याचा उतारा फोन उभा धरून पाहिला, तर अक्षराचा आकार रुंदीवर ठरतो. म्हणून एक इंच अधिक घेऊनही अक्षर मोठे होत नाही. फोन आडवा धरला तरच लांबीचा लाभ मिळतो.

भुशी, कुरवंडे या लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, व खरिपाच्या नोंदीचे दिवस येतात तेव्हाही भातखाचरांत पाणी असते. एका हातात छत्री किंवा काठी, पायाखाली निसरडा बांध, अशा स्थितीत फोन एकाच हाताने चालवावा लागतो. २०२१ च्या मिनी फोनची रुंदी सुमारे ६.४ सेंटिमीटर व वजन १४० ग्रॅमच्या आसपास होते. आजचे मोठे फोन साडेसात सेंटिमीटरांहून रुंद व २०० ग्रॅमहून जड असतात. असा फोन सदऱ्याच्या खिशात ठेवून वाकले की चिखलात पडण्याचे भय असते. शिवाय बोट टेकल्याने काचेवरील विद्युत्क्षेत्रात होणारा फरक ओळखून स्क्रीन चालते. पावसाच्या थेंबानेही तसाच फरक पडून ती भलतेच काही उघडते. हा दोष लहान फोनासही आहे, तथापि लहान फोन तळहाताच्या आडोशाला लवकर येतो.

मोठ्या स्क्रीनचा पक्षही खोटा नाही. चाळिशी लागलेल्या माणसास घरी बसून उतारा, बाजारभाव किंवा पिकावरील रोगाचे चित्र पाहावयाचे असेल, तर तीच सोयीची. घरात दोन फोन असतील तर वडीलधाऱ्यांकडे मोठा व शेतावर जाणाऱ्याकडे आटोपशीर, अशी वाटणी करावी. एकच घ्यावयाचा असेल तर तो रुंदीने व वजनाने बेताचा असावा. लांबी थोडी अधिक असली तरी चालेल, असे आमचे मत आहे.

खरेदीपूर्वी चार गोष्टी दुकानातच कराव्या. फोन एका हातात धरून अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्याजवळ पोहोचतो का, हे पाहावे. तो खिशात घालून वाकून पाहावे. आपलाच सातबारा उघडून उभा व आडवा वाचून पाहावा. अखेरीस सेटिंगमध्ये अक्षर मोठे करून पाहावे. कित्येकदा एवढ्यानेच जुन्या फोनवर काम भागते व नव्याचा खर्च वाचतो.