बचावपटूची दृष्टी

फुटबॉलच्या सामन्यात प्रेक्षकांचे डोळे चेंडूमागे धावतात आणि टाळ्या पडतात त्या गोल करणाऱ्याला. बचावपटूचे नाव बहुधा चूक झाली म्हणजेच घेतले जाते. परंतु तो मागे उभा असल्यामुळे सारे मैदान त्याच्यापुढे उलगडलेले असते. कोणता सहकारी जागा सोडून गेला, प्रतिपक्षाचा कोणता गडी मोकळा राहिला, हे त्यालाच प्रथम दिसते आणि हाक देऊन फळी सावरावी लागते तीही त्यालाच. प्रशिक्षकाचे काम याहून फार निराळे नाही. तो केवळ रेषेबाहेर उभा असतो, इतकेच.

गोव्याचे डेरिक परेरा यांची कारकीर्द याचे उत्तम उदाहरण होय. वास्कोच्या सालगावकर क्लबचे आणि भारताचे बचावपटू म्हणून ते खेळले. पुढे प्रशिक्षक झाले. 1996 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय लीगचे विजेतेपद पंजाब, बंगाल आणि गोवा यांच्याबाहेर गेले नव्हते. परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या महिंद्र युनायटेडने 2005 साली फेडरेशन चषक आणि 2006 साली ते विजेतेपदही मिळवले. महाराष्ट्राच्या क्लबला हा मान प्रथमच लाभला. 2013 साली त्यांचा पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरा आला.

परंतु यशामुळे क्लब तगतोच असे नाही. हे क्लब उद्योगसमूहांच्या आश्रयावर उभे होते. प्रेक्षकांच्या तिकिटांवर त्यांचा खर्च भागत नसे. आश्रय आटला की संघ मिटे. महिंद्र 2010 साली बंद झाला, पुण्याचा वरिष्ठ संघ 2015 साली. परेरा यांनी प्रशिक्षण दिलेल्या सालगावकरनेही 2016 साली आय-लीग सोडली. गोलपुढील धोका ओळखणाऱ्या या माणसाच्या हाती क्लबचा बचाव मात्र नव्हता.

तरीही विद्या मागे राहते. परेरा पुढे एफसी गोवाचे तांत्रिक संचालक झाले आणि डिसेंबर 2021 मध्ये मुख्य प्रशिक्षक. महिंद्रकडून खेळलेल्या खालिद जमील यांनी प्रशिक्षक म्हणून 2017 साली मिझोरामच्या ऐझॉल संघाला आय-लीग जिंकून दिली. 2025 साली ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. क्लबची पाटी उतरते; तेथे घडलेली माणसे दुसऱ्या मैदानावर नवी फळी उभी करीत राहतात.