शहराचे प्रगतिपुस्तक

दुकानदार सचोटीचा नसेल तर ग्राहक दुसरे दुकान गाठतो. नळाचे पाणी, वीज, कचरा उचलणे या सेवांच्या बाबतीत मात्र नागरिकाला दुसरे दुकान नसते. सेवा वाईट असली तरी ती देणारी संस्था तीच. निवडणुकीत मत देता येते, हे खरे. पण एका साध्या अर्जासाठी कार्यालयात किती खेटे घालावे लागले, हे त्या मतातून कोणाला कळत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न बंगळूर शहरात झाला. अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेचे माजी संचालक डॉ. सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकाराने 1993 साली तेथील सुमारे 1,100 कुटुंबांची पाहणी करण्यात आली. झोपडपट्टीतील कुटुंबांचाही तीत वेगळा विचार केला होता. ‘शहराचा कारभार कसा वाटतो?’ असा मोघम प्रश्न या पाहणीत नव्हता. तुम्ही कोणत्या कार्यालयात गेलात, किती वेळा गेलात, काम झाले का, कर्मचारी कसे वागले, चिरीमिरी द्यावी लागली का, असे अनुभवाचे प्रश्न होते. कार्यालयाशी प्रत्यक्ष संबंध आलेल्या माणसाचे उत्तर ‘लोकांची तक्रार करण्याची सवयच असते’ असे म्हणून झटकता येत नाही.

1994 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. महानगरपालिका, पाणीपुरवठा मंडळ, वीज मंडळ अशा संस्थांचे गुण एकमेकांशेजारी मांडले गेले आणि वृत्तपत्रांनी ते छापले. भूखंड व घरे देणाऱ्या बंगळूर विकास प्राधिकरणाच्या कामावर शंभरातील अवघा एक नागरिक समाधानी होता.

यावर शहराच्या कारभाऱ्यांनी काय केले? बहुतेकांनी आरंभी मौन पाळले. पहिला प्रतिसाद आला तो सर्वांत कमी गुण मिळालेल्या विकास प्राधिकरणाकडूनच. त्याच्या प्रमुखांनी पाहणी करणाऱ्यांचा सल्ला मागितला, अंतर्गत कार्यपद्धती तपासली, कनिष्ठ कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले. पुढे महानगरपालिकेच्या सहभागाने नागरिक आणि अधिकारी यांच्या संयुक्त बैठकाही सुरू झाल्या. शेजारच्या संस्थेला आपल्याहून अधिक गुण आहेत, हे चारचौघांत दिसले की अधिकाऱ्यालाही ते बोचते.

तरीही सुधारणेचा वेग मंदच होता. 1999 च्या दुसऱ्या पाहणीत समाधान काहीसे वाढलेले दिसले. लाच द्यावी लागल्याच्या तक्रारी मात्र कमी होण्याऐवजी वाढल्या होत्या. यामागे एक मूळ अडचण आहे. महानगरपालिकेचे आयुक्त राज्य शासन नेमते. पाणी, वीज आणि विकास प्राधिकरण हेही राज्याच्याच अखत्यारीत. त्यामुळे गाडा हलवायचा तर राज्याने जोर लावणे आवश्यक होते.

तो जोर 1999 मध्येच लागला. मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी उद्योजक नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली एक कृतिदल नेमले. सात संस्थांचे प्रमुख ठरावीक काळाने मुख्यमंत्री, नागरिक आणि पत्रकार यांच्यासमोर उभे राहून काय करणार आणि काय केले हे सांगू लागले. 2000 साली घरमालकाने मालमत्ताकराची आकारणी स्वतःच करण्याची योजना आली. त्यामुळे कर ठरवताना घरमालक व कर्मचारी यांच्यात होणाऱ्या घासाघिशीला कमी वाव उरला.

2003 च्या तिसऱ्या पाहणीत विकास प्राधिकरणाबाबत समाधानी असणारे 85 टक्के होते; 1999 मध्ये ते 16 टक्के होते. पाणीपुरवठा मंडळाचे आकडे तीन पाहण्यांत अनुक्रमे 4, 42 आणि 73 टक्के असे होते. लाचेच्या तक्रारीही घटल्या. याचे सारे श्रेय पाहणीला देणे योग्य होणार नाही, कारण शासनाची इच्छाशक्तीही त्यामागे होती. शिवाय समाधानाचा आकडा म्हणजे पाण्याचे माप नव्हे. कार्यालयातील वागणूक सुधारली तरी माणूस समाधानी होतो, नळ मात्र दिवसाआडच येत असेल.

कृतिदलावरील अनेक सदस्य लोकांनी निवडून दिलेले नव्हते, हा आक्षेपही त्या काळी घेतला गेला आणि तो निराधार नव्हता. 2004 मध्ये राज्यात सरकार बदलले आणि कृतिदलाचे काम थांबले. संस्थाप्रमुखांना लोकांसमोर उभे करणाऱ्या त्या बैठकांना कायद्याचा आधार नव्हता. त्यामुळे त्याही त्याबरोबरच संपल्या.