द्राक्षाची चौकशी कुणी करत नाही

महाराष्ट्राच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाला पंचवीस वर्षे होत असताना नाशिकच्या वाइन-सहलीच्या जाहिराती नीट वाचाव्यात. त्यांत पोहण्याचा तलाव असतो, स्पा असतो, धरणाकडे तोंड केलेली बाल्कनी असते, लग्नासाठी हिरवळ असते. खोलीच्या नावात ‘व्हिनयार्ड’ असते आणि वेली खिडकीबाहेर, शोभेपुरत्या. त्या वेलींवर शेनिन ब्लां आहे की शिराझ, तोडणी कधी होते, बाटलीतले द्राक्ष कोणत्या गावचे, याबद्दल अवाक्षर नसते. ते धोरण मात्र द्राक्षासाठीच आले होते. ताज्या फळाच्या बाजारावर आणि बेदाण्यावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला तिसरे गिऱ्हाईक मिळावे, हा त्याचा हेतू होता. पर्यटनाने नाशिकची वाइन जगवली, हे मान्य करायलाच हवे. पण जिच्या नावावर हे सगळे उभे राहिले ती शेतीच या व्यवहारात सजावट होऊन बसली. तसे होणे अटळ होते, हे मला पटत नाही.

आधीची वीस वर्षे दोन-चार वाक्यांत आटोपतात. ऐंशीच्या दशकात नारायणगावला शाम चौगुले यांच्या इंडाजने फसफसणारी वाइन काढली. ‘ओमर खय्याम’ नावाने ती परदेशीही गेली. वायनरीत पाहुणा यावा ही कल्पना तेव्हा कुणाच्या गावी नव्हती. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून राजीव सामंत गंगापूरच्या घरच्या जमिनीवर आले, आणि २००० मध्ये त्यांच्या सुला वायनरीची पहिली बाटली बाजारात आली. पुढच्या वर्षीच्या धोरणाने उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आखले. इथपर्यंतची गोष्ट कारखानदारीची आहे.

खरी गोष्ट सुरू होते २००५ मध्ये, सुलाने टेस्टिंग रूम उघडली तेव्हा. यामागे हौस होती तसा हिशेबही होता. आपल्याकडे दारूची उघड जाहिरात करता येत नाही. दुकानात वाइन व्हिस्कीच्या शेजारी, जाळीमागे. चव माहीत नसलेला माणूस काउंटरवर जाऊन शेनिन ब्लां मागणार कसा? तेव्हा गिऱ्हाइकालाच बागेत आणायचे ठरले. त्यानंतरच्या दहाएक वर्षांत मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाची एक पिढी गंगापूरच्या रस्त्यावर वाइन प्यायला शिकली. पाहुण्याला आधी क्रशर दाखवला जाई, मग थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्या, मग ओकची पिंपे. पेला तिरका धरून रंग बघायचा, फिरवून वास घ्यायचा, हे सगळे झाल्यावर घोट. एप्रिलची खरड छाटणी कशासाठी आणि पावसाळा सरताना दुसरी छाटणी का, हे सांगणारा माणूस सोबत असे. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजून तोडणी ठरते, हे कॉलेजातल्या पोरांनाही कळू लागले. यॉर्कसारख्या घरच्या वायनऱ्या शेजारीच होत्या, इगतपुरीकडे कावनईला व्हॅलोने होती, निफाडमध्ये रेव्हेलो. २००८ पासून सुलाफेस्ट भरू लागला. त्यात गर्दी संगीतासाठी यायची हे उघड आहे, पण येताना ती वेलींच्या रांगांमधून येत होती. याच काळात ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. शिकवण्याची ही उमेद आता ओसरली आहे, आणि मला हळहळ वाटते ती तिचीच.

या दशकाचा जुना हिशेबही चुकता करायचा राहिला आहे. धोरणाच्या भरवशावर शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षे लावली. हे फळ बारीक आणि बियांचे. ते मंडईत चालत नाही, बेदाण्यालाही नाही. वायनरीने उचलले नाही तर त्याला दुसरे दार नाही. २००८ ची मंदी आणि २६ नोव्हेंबरचा हल्ला यांनी मुंबईतल्या हॉटेलांची मागणी बसवली, टाक्या भरलेल्या राहिल्या, छोट्या वायनऱ्या कर्जात गेल्या. परदेशांत कंपन्या विकत घेत सुटलेली इंडाजही कोसळली. बागायतदारांनी उभ्या बागा उपटल्या. वाइन म्हणजे शेतकऱ्याचे भले असे सांगणारे राज्यकर्ते तेव्हा कुठे होते? सवलत कारखान्याला होती. द्राक्षाच्या कराराला आधार कुणाचाच नव्हता.

त्या पडझडीतून जे वाचले ते मोठे झाले आणि खोल्या बांधू लागले. चारोसा आणि फोर सीझन्स या वायनऱ्या ग्रोव्हर झाम्पा कंपनीकडे गेल्या, यॉर्क २०२१ मध्ये सुलाकडे. २०२२ च्या डिसेंबरात सुला शेअर बाजारात आली, आणि बाजाराला दर तिमाहीला आकडा लागतो. द्राक्ष वर्षातून एकदाच येते. खोली मात्र बारा महिने भरता येते. त्यातच सरकारने त्या वर्षीच्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू द्यायचे ठरवले. ‘मद्यराष्ट्र’ म्हणत विरोधकांनी गदारोळ केला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय बारगळला. चारशे रुपयांची बाटली किराण्याच्या दुकानात ठेवायची नाही. तलावाकाठी तिचे पेले महागात विकले तर संस्कृतीला धक्का नाही. या नीतीने वायनरीला रिसॉर्टच्या दिशेने ढकलले.

यावर दोन उत्तरे येतात. पहिले, रिसॉर्टने गावात रोजगार आणला. आणलाच, आणि तो गावाला हवाही आहे. पण रोजगार कोणतेही हॉटेल देते; त्यासाठी द्राक्षशेतीचे नाव आणि सवलत लागत नाही. दुसरे उत्तर असे, की जगभर हेच चालते, कॅलिफोर्नियातले नापा बघा. जरूर बघावे. नापा हे ऐषारामाचे टोक आहे, पण तिथे १९६८ मध्येच शेतजमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून कृषी राखीव क्षेत्र जाहीर झाले, आणि १९९० च्या नियमाने नव्या वायनरीला किमान ७५ टक्के द्राक्षे त्याच काउंटीची वापरणे बंधनकारक केले. तिथले महागडे पेले या कुंपणाच्या आत आहेत. आपल्याकडे गंगापूर आणि इगतपुरीच्या बाजूला कुंपण आहे ते बिनशेती प्लॉटांना. आणखी एक गोष्ट पर्यटनवाले विसरतात. २०२२ च्या अखेरीस लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारानुसार पाच डॉलरच्या वरच्या ऑस्ट्रेलियन बाटलीवरचा १५० टक्के आयात कर दहा वर्षांत ५० टक्क्यांवर येणार आहे. तेव्हा नाशिककडे स्वतःचे म्हणण्यासारखे उरेल ते इथली माती आणि इथले फळ. तलाव लोणावळ्यालाही आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या वायनरीला शेतीशी जोडलेली सवलत हवी, तिने द्राक्ष कोणत्या तालुक्यातले हे बाटलीवर छापावे आणि शेतकऱ्याशी केलेला करार नोंदवावा. वाचकांनीही जायचे ते जुलैत जाऊ नये. तेव्हा वेली हिरव्यागार असतात, पण घड नसतो. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये चालते. त्या दिवसांत जा, आणि पेला हातात घेण्याआधी विचारा : हे द्राक्ष कुणाच्या मळ्यातले, आणि त्याला किलोमागे काय भाव दिलात?